पोत्याचं वजन

कुडाळहून सकाळी सातची गाडी.
सातवी ब, अडतीस मुलं,
मठ येईपर्यंत दोघांना ओकाऱ्या.

वेंगुर्ल्यात बंदरामागं कुणा ट्रस्टनं
वलंदेजांची वखार उभी केलीय नव्यानं.
चिरा कोरा, जुना दिसावा म्हणून काजळी फासलेली.
तिकीट ऐंशी, विद्यार्थ्यांना निम्मं.
दारात मोबाइल काढून घेतात,
आत साल सोळाशे चाळीस.

पिसाच्या टोपीतला साहेब
(कोल्हापूरचा, नाटक शिकलेला;
दाढी घामानं एका बाजूनं सुटत होती)
म्हणाला, "यावे! मिरी काय भावानं आणलीत?"
मुलं खूश.
कारकुनानं बदकाच्या पिसानं नावं लिहून दिली,
एका बाईनं जायफळ हुंगायला दिलं,
नसरीननं ते परत केलंच नाही.

मग हमाल आले. चौघे.
कमरेला पंचा, अंगाला तेल,
पाठीवर पोतं, गुडघ्यांत मोडलेले.
साहेबानं छडी आपटली,
"जलदी! भरतीला जहाज सुटतंय!"
मुलं हसली. मीही.
तेवढ्यात मृणाली गिरप माझ्या ओढणीमागं सरकली.

तिसरा हमाल तिचा बाबा.
ती मामाकडे राहून शिकते, तो इथे असतो,
काय करतो ते मी कधी विचारलं नव्हतं.
नियम असा, की पात्रानं ओळख दाखवायची नाही.
दाखवली तर पन्नास कापतात,
हे नंतर वॉचमननं सांगितलं.
तो समोरून गेला,
नजर जमिनीवर, पावणेचारशे वर्षं लांब.
तिच्या चपलेपाशी मात्र
त्याचा अनवाणी पाय
एक पाऊल चुकला.

"बाई," ती म्हणाली,
"बाबा इतके वाकणत नाय."

जेट्टीवर बर्फासकट बांगड्यांची टोपली
म्हणे तो ताठ मानेनं नेतो.
इथे पोत्यात थर्माकोल,
वाकायचं मात्र मिऱ्यांइतकं.

परतताना भेंड्या 'ण'वर अडल्या, भांडणं झाली.
खिडकीशी तिनं खाजाची पुडी सोडली,
एक तुकडा मला दिला, आल्याचा, तिखट.
त्यानं कधी दिली, कुठून काढली?
पंच्याला खिसा नसतो.

सोमवारी निबंध, आमची सहल, वीस ओळी.
सगळ्यांची सहल अविस्मरणीय,
सहा जणांची ऱ्हस्व-दीर्घासकट चुकलेली.
मृणालीच्या वहीत तीनच ओळी:
वखारीत चार हमाल होते.
तिसऱ्याचं नाव बाबल सखाराम गिरप.
पोत्यात थमाकोल होता.

लाल पेन उघडून मी बराच वेळ बसले.
वीसपैकी किती?
रफार राहिला होता.
तेवढा दिला,
आणि वही मिटली.