झाकली मूठ

विल्यांदीत मार्चातही तळं गोठलेलंच असतं.
काठावरल्या पिवळ्या लाकडी इमारतीत ती वरच्या मजल्यावर बसते,
खाली चष्म्याचं दुकान.
दोनदा मी चष्मेच बघून परत फिरले.

तिसऱ्यांदा जिना चढले, कारण रविवारी तालमीत
आम्ही अठ्ठावीस बायका एका श्वासात वरच्या सुरावर गेलो
आणि मी एकटीच खाली ओली झाले.
शेजारच्या एर्नानं सूर सोडला नाही,
नुसती आपली शाल काढून माझ्या खुर्चीवर टाकली.
त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

पिरेट माझ्या धाकटीच्या वयाची.
रात्री किती वेळा उठता. कॉफी किती.
बाळंतपणं किती, टाके पडले होते का.
नव्या जागी गेलात की आधी काय शोधता?
दार, मी म्हटलं. कुठलं ते तिला कळलं.
हसली नाही, लिहून घेतलं.

मग टेबलावर प्लास्टिकचा सांगाडा, नुसत्या कंबरेचा,
आत लाल पट्ट्यांची झोळी.
हा तळ, म्हणाली, सगळं याच्यावर तोललेलं.
अठ्ठावन्न वर्षं ज्याच्या जिवावर बसले-उठले
त्याची आज तोंडओळख.

पुढचं तिनं आधी सांगितलं, मग केलं.
हातमोजा, एक बोट, गुडघ्यांवर चादर राहील.
नको असेल तर नको, बाहेरूनही बरंच कळतं.
थांब म्हणालात की थांबेन.
दोन्ही मुलांच्या वेळी, तेव्हाच्या इस्पितळात,
मला कुणी काही विचारलं नव्हतं.
हो म्हणायला मी वेळ लावला.
तिनं लावू दिला.

छतावर ओलीचा डाग होता, घोड्याच्या तोंडासारखा.

आवळा. आवळलं.
सोडा. सोडलं.
सोडा, ती पुन्हा म्हणाली.
सोडलंय की!
नाही, हेल्वे. ही अजून मूठच आहे.

आणि मी समजत होते, वयानं सगळं सैल पडलंय.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकली,
इतकी झाकली की बोटं उघडायचंच विसरली.
जी उघडतच नाही
ती शिंकेच्या वेळी आणखी मिटणार कशी?

श्वास घ्या, म्हणाली, पार खालपर्यंत.
हे मला येतं, चाळीस वर्षं गातेय.
पण आमच्या बाई कंबरेपाशी थांबायच्या,
त्याखालचं त्यांना ठाऊक असेलही, बोलल्या नाहीत.
श्वास उतरला,
आणि तळाशी कुणीतरी अंग चोरून बसलेलं
जरासं सरकलं, जागा दिली.
तिच्या बोटाला आधी कळलं, मग मला.
रडू आलं. कशाचं, ते नीट सांगता येणार नाही.

घरी न्यायला एक तक्ता:
किती प्यायले, किती वेळा गेले, किती निसटलं.
रोज आडवं पडून दहा श्वास,
इतक्यात आवळायचं नाही, नुसतं सोडायला शिकायचं.
बरं कधी वाटेल?
काही महिने, म्हणाली. वचन दिलं नाही.

जिन्यातच शिंक आली.
कठड्यावर कागद धरून पहिली नोंद केली:
मंगळवार, साडेतीन, चमचाभर.

शाल धुऊन ठेवलीय, रविवारी द्यायची.
तालमीच्या खोलीत हीटर असतो,
एर्ना तरी जूनमध्येसुद्धा शाल घेऊन येते,
हे आज घडी घालताना लक्षात आलं.
आतल्या घडीत पिरेटचं कार्ड ठेवलं.