उतरवण्याचं काम

रेशित्सात काम आहे, मावसभाऊ शेर्बान फोनवर म्हणाला,
आणि मी हसले.
विहीर आटलेल्या गावात पोहायला शिकवण्यासारखंच ते.

पण आहे. दोन वर्षांचं. लेखी.
पोलादाची जुनी भट्टी उतरवायचीय, तुकड्यातुकड्यानं,
आणि क्रेनवर बसणारं माणूस त्या गावात उरलेलं नाही.
होते ते स्पेनमध्ये संत्री उतरवतायत.

पगार बोतोशानीच्या दीडपट,
जर्मनीच्या निम्मा.
पण जर्मनीत शतावरी खणायला वाकावं लागतं
आणि मी बावीस वर्षं उंचावर बसून खाली बघत आलेली बाई,
या वयात कंबर नवं काही शिकायला तयार नाही.
शिवाय जर्मनीत इलिंका माझ्यासोबत नसेल.
रेशित्सात असेल.
बहुतेक.

म्हणून एकदा बघून आले.
स्टेशनपासून चालत निघाले तर औषधांची दुकानं चार,
सट्ट्याची तीन, किलोवर जुने कपडे विकणारी दोन,
बुटांचं एकही नाही.
लोक इथे आजारी पडतात, पैज लावतात,
चालत मात्र कुठे जात नाहीत.
(जे गेले ते बूट घालूनच गेले असणार.)

भट्टीपाशी पोम्पिलिऊ नावाचा मुकादम भेटला.
त्यानं नकाशा पसरला, वजनं सांगितली,
कुठला जोड आधी कापायचा, कुठला शेवटी.
सगळं कोरडं, हिशेबी.
मग नकाशाची घडी घालता घालता म्हणाला,
"आपटू नकोस हं.
सावकाश टेकव."
मी म्हटलं, भंगारच आहे ना?
तो म्हणाला, हो, भंगारच आहे,
आणि टोपी काढून उगाच झटकली.

परतताना डोक्यात हेच:
जितकं नीट काम करीन तितक्या लवकर बेकार होईन.
आणि त्या दिवशी गावाकडे दाखवायला
एक मोकळं आभाळ तेवढं असेल.

घर तिसऱ्या मजल्यावर. मालकीण अनुत्सा, समोरच्या इमारतीत राहते.
घर तिच्या मुलाचं, रेमुसचं.
दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलखुणा,
सालासकट, चढत चढत ब्याण्णवपर्यंत.
त्यानंतर तो वाढायचा थांबला, की बाई मोजायची थांबली,
ते मी विचारलं नाही.

भाडं विचारलं.
"विजेचं बिल तू भर," ती म्हणाली. "बाकी बघू.
आणि स्वयंपाकघरातला दिवा
जरा उशिरा मालवत जा.
मला तिथून दिसतो."

संध्याकाळी बाहेर पडल्यावर मान वर करून मोजलं.
चाळीस खिडक्या, उजेड सातांत.
त्यातल्या एकीत टीव्हीचा निळा उजेड हलत होता,
तो धरावा की नाही
ते ठरेना.

अनामत तिनं घेतली नाही. किल्ली दिली.
"नाही म्हणायचं असेल तर पोस्टानं पाठव.
कागदात गुंडाळ मात्र,
नाहीतर पाकिटात खुळखुळत राहते,
वाटेत कुणीतरी फोडतं."

इलिंकानं एकच विचारलं:
त्या चौकटीवर मी कुठून सुरुवात करायची?
त्याच्या नवव्या वर्षाच्या खुणेशेजारी, की दुसऱ्या बाजूला?
मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.
"ते नाही विचारलं," ती म्हणाली.

आईचं म्हणणं, बुडत्या नावेत उलटी उडी कोण मारतं.
शेर्बान म्हणतो, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.
मुकादमाचा रोज एक मेसेज येतो:
आज वारा जास्त होता. आज कमी.
बाकी काही लिहीत नाही.

आज पोस्टात जाऊन जाड पाकीट आणलं, तिकीट लावून.
येताना शेजारच्या दुकानातून
एक चाळीसचा बल्बही घेतला.
तिथला जरा मिणमिणता होता.

दोन्ही टेबलावर आहेत.
किल्ली कागदात गुंडाळलीय.
हलवून पाहिली.
वाजत नाही.