छत्तीस डॉलर

फ्रेझ्नोत जानेवारीचं धुकं जमिनीतूनच उगवतं,
द्राक्षांच्या उघड्या वेलींखालून सरपटत येतं
आणि शाळेच्या बसला दोन तास उशीर करतं.
त्या दोन तासांत माझा धंदा चालतो.

ऑफिस : जिमच्या मागची पायरी, कचऱ्याच्या पिंपाशेजारी.
दर : हरवलेला फोन, दहा डॉलर.
कोणी कोणाला फसवलं, वीस.
माणूस हरवला तर किती,
हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

वेड ऑलरेडने चाळीस मोजले,
सगळ्या पाचाच्या नोटा, इस्त्री केल्यासारख्या.
"सावत्र बहीण. डेल्फिना. नऊ दिवस झाले.
आई रडून रडून अर्धी झालीय."
मी वहीत लिहिलं : आई.
त्याच्या उजव्या मुठीची सालटं निघाली होती,
तेही लिहायला हवं होतं.

लॉकर दोनशे सतरा : सूर्यफुलाच्या बिया,
जीवशास्त्राचं पुस्तक, एकाच पानाचा कोपरा दुमडलेला.
शेपूट टाकून पळणारा सरडा.
बँडमधली पोरं मिठाची गुळणी धरून.
माई-सी तर मला पाहताच बुटाची नाडी बांधायला वाकली.
तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

उपमुख्याध्यापिका ओकुमुरा म्हणाल्या,
"वार्तान, यात नाक खुपसू नकोस.
आणि बीजगणिताचा पेपर कुठाय?"
कोणी असं म्हटलं की माझ्या नाकाला खाज सुटते.
फक्त रात्री नऊच्या आत घरी पोचायचं,
आईने झाकून ठेवलेलं निमूट खायचं,
मग पांघरुणात टॉर्च लावून संशयितांची यादी.

शनिवारी माई-सीच्या मागे बसमध्ये चढलो.
तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी,
माझ्या तोंडावर वर्तमानपत्र, बहुधा उलटं.
तुलारी. लाँड्रीची मागची खोली.
डेल्फिना परक्यांच्या चादरी घडी करत होती.
दचकली नाही. विचारलं,
"किती दिले त्याने?"
"चाळीस."
"स्वस्तात गेले मी."
आणि बाही वर केली.
पिवळा. कडेला हिरवट.
जखमेचं वय कळायला गुप्तहेर लागत नाही.

सोमवारी मी वेडला पैसे परत केले.
"नाही सापडली."
त्याने मोजले. "छत्तीस?"
"चारचे डोनट खाल्ले."
तो हसला, माझ्या खांद्यावर थाप मारली,
हात जरा जास्तच वेळ तिथे ठेवला.

पण शुक्रवारी, फोनवर, मीच
आवाज खाली ओढून, एखाद्या मोठ्या माणसासारखा
म्हणून गेलो होतो :
"दक्षिणेकडे धागा लागलाय."

दक्षिणेला गावं तरी किती?
रात्रभर नकाशावर बोट फिरवलं :
फाउलर, सेल्मा, किंग्सबर्ग, गोशेन.
हायवे एकच. बोट आपोआप पुढे सरकायचं.

आज बस पुन्हा दोन तास उशिरा.
पार्किंगमध्ये वेडच्या पिकअपची जागा रिकामी,
खाली तेलाचा डाग, अजून ओला.
पायरीवर बसून माई-सीला फोन लावलाय.
वाजतोय.