मानस

पर्वरीच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
आम्हाला सांगितलं गेलं:
फोन आडवा धरावा, उजेड पाठीमागून नको,
गोष्टीला सुरुवात, मध्य, शेवट हवा
आणि सगळं तीन मिनिटांत.
जेवणात सोलकढी होती. ती मात्र नीट लक्षात आहे.

कोरगावच्या माझ्या शाळेत मुलं अकरा,
चार इयत्ता, एक खोली, एक मी.
फोन आठ घरांत. त्यातले दोन
हरमलच्या हॉटेलांतून रात्री उशिरा घरी येतात,
आयांच्या कमरेला खोचलेले.
मी म्हटलं, विषय पाणी. दिसेल ते आणा.
नऊ जणांनी नळ आणला.
एकीने वासराला पाणी पाजलं, वासरू कुठे दिसतच नाही,
फक्त तिचं 'पी रे, पी' ऐकू येतं.

उरला साईश तळकर.
तो वर्गात बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण खिडकीशी.
जूनमध्ये शब्दार्थ विचारत होते,
मानस म्हणजे?
तो उठून म्हणाला, दार.
वर्गात कोणीच हसलं नाही.
हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.
हसले ती मी. वहीत लाल फुली मारली,
शेजारी लिहिलं: मन, इच्छा. पाच वेळा लिही.
त्याने लिहिलं, पाच वेळा, ओळ न सोडता.

फळ्यावर चादर टांगली. प्रोजेक्टर हायस्कुलातून उसना,
पंखा बंद केला तरच चालणारा.
साईशने फोन उभा धरलेला.
चादरीच्या मधोमध काळोखाची एक पट्टी
आणि तिच्यात कशाचा तरी लाकडावर ढुशा मारल्याचा आवाज.
दहा सेकंद. वीस. चाळीस.
पुढे सरकवायला मी बोट नेलं
तर तिसरीतली नक्षत्रा म्हणाली,
थांबा टीचर, अजून भरती आहे.

मग विजेरी पेटली.
चिखलात रुतलेले दोन गुडघे, दगडी खांब,
दोन खांबांमध्ये काळ्या फळ्यांची दारं,
फटींतून पाण्याच्या सुऱ्या.
गुडघ्यांच्या वरून एक आवाज आला, दमलेला,
मुलाला नव्हे, जणू दारालाच सांगणारा:
'दार उदकच धांपता. आमी फकत राखण.'

पाणी बाहेरून रेटतं तेव्हा दार मिटतं,
आतून ढकलतं तेव्हा उघडतं.
खारं आत शिरू नये, कोरगुटाचं रोप तगावं
एवढ्यासाठी एक माणूस रात्रभर बांधावर बसतो.
कडी नाही, कुलूप नाही.

मी डिचोलीची. आमच्याकडे लाल धूळ,
खाणीचे ट्रक आणि त्यांच्यामागे धुवायचे कपडे.
भरती मी भूगोलात शिकले, चंद्रासकट,
चार गुणांना.
सगळे माझ्याकडे बघत होते.
साईश पहिल्यांदाच खिडकी सोडून बोलला,
माझी समजूत काढावी तसा:
टीचर, तुमचं ते मानस.
आमची ती.

लाल शाई पुसत नाही.
मधल्या सुट्टीत त्याची वही उघडली,
फुलीखाली 'दार' लिहिलं, पाच वेळा,
तिसऱ्या वेळी अक्षर जरा हललं.
आणि प्रशिक्षणाचा तक्ता भरला.
चित्र स्थिर आहे का? नाही.
आवाज स्पष्ट आहे का? पाण्याचा आहे.
शेवट?
साईशला विचारलं. तो म्हणाला,
सहा तासांनी परत उघडतं ना.

गुरुवारी पर्वरीहून फोन आला,
तुमचा एक रकाना रिकामा राहिलाय.
राहू द्या, म्हटलं.
पलीकडून काहीतरी नियम सांगत होते,
इकडे साईश खिडकीशी बोलत होता
आणि मी दोन्हीकडे कान देत होते,
जास्त करून खिडकीकडे.