खोडलेले दोन

जिन्सी नाल्यावर, रात्रीचे साडेदहा,
रामस्वरूपच्या टपरीवर
सामना अजून सुरूच आहे.

साठ-एकसष्ट. हरलो आपण.
पण 'हरलो' हा शब्द इथे चालत नाही,
'हरवलं' चालतो,
आणि तो म्हणताना बोट वर करायचं असतं,
जिथे आत्ता फक्त धुकं आहे
आणि धुक्यात कुठेतरी किल्ला.

निनादने काचेचा ग्लास पुढे सरकवला.
हा शार्दूल.
बिस्किटांची बरणी, तो भोपाळचा आडदांड.
टोस्टचा तुकडा म्हणजे भदौरिया सर,
तोंडात शिट्टी धरून चुकीच्या जागी उभे.
"बघ, असा आत घुसला शार्दूल,
डावा खांदा, एक पाऊल, दोन,
आणि बरणी अशी सरकली. सरकली की नाही?"
सरकवली त्यानेच होती.

"उभा होता तो, खांबासारखा," देवयानी म्हणाली,
"मी गॅलरीत होते."
"गॅलरीतून पाय दिसतात होय?"
"तुला टपरीवरून दिसतात तसे."

मग पुन्हा मांडामांड.
पाचव्या खेपेला
चेंडू म्हणून ठेवलेला शेंगदाणा कुणीतरी खाल्ला.
सातव्या खेपेला रामस्वरूपने विचारलं,
"या शार्दूलजींचा चहा झाला का?"
आणि उचलून त्यांना
बादलीत बुचकळून काढलं.

खरा शार्दूल बाकाच्या टोकाला बसून
करंगळीची पट्टी सोडवत होता,
वेढ्यामागून वेढा.
त्याला कुणी काही विचारलं नाही.
अकरा फ्री थ्रो घालवले होते आपण, त्यातले चार त्याने,
तेही कुणी विचारलं नाही.

मला मात्र सगळेच विचारत होते.
टेबलावर मी होतो ना, स्कोअरशीट घेऊन.
"अच्युत, तू सांग. सगळ्यात जवळ तू होतास."
मी म्हणालो, चहा गार होतोय.
खिशात कार्बन कॉपी होती, चार घड्या घातलेली.

तेवढ्यात स्कूटर थांबली.
माकडटोपी, मफलर,
मफलरखाली दोरीला लोंबणारी शिट्टी.
निनादने टोस्ट घाईघाईने तोंडात टाकला.
पुरावा नष्ट.
भदौरिया सरांनी चहा मागितला,
तीन घोट घेतले, चौथा घेतलाच नाही.
मग माझ्याकडे वळले, हळू आवाजात,
जणू मी रेफ्री आणि ते खेळाडू:
"तू तो पास में था. पैर हिला था क्या उसका?"

इथे सांगतो, तिथे सांगितलं नाही.
चार सेकंद उरले होते,
शार्दूलचा हात वर गेला
आणि मी मान खाली घातली.
चेंडू जाळीत पडायच्या आधीच
आपल्या रकान्यात मी दोन लिहून मोकळा.
निळ्या शाईत, दाबून.
अख्ख्या सामन्यात इतकं वळणदार अक्षर
माझ्या हातून आलं नव्हतं.
शिट्टी मी ऐकली.
पाय पाहिलेच नाहीत.
वरचे दोन खोडले नंतर,
पण कार्बनवर ते अजून आहेत,
काट्याच्या आत, धडधाकट.

सरांना म्हणालो, "धुकं होतं, सर."
हॉल तर बंद होता, दिवे लख्ख.
त्यांनी मान डोलावली,
त्यांनाही तिथे तेच दिसलं असावं तशी,
आणि सहाही ग्लासांचे पैसे देऊन गेले.

"बघितलंस? मनात खोट असलेला माणूसच
असे पैसे देतो," निनाद म्हणाला.
"किंवा थंडी वाजणारा," देवयानी म्हणाली.

शार्दूलने पट्टीचा गोळा केला,
बाकावरूनच कचऱ्याच्या डब्याकडे फेकला.
काठाला लागून बाहेर.
कुणी काही म्हणालं नाही.
तो उठला, चालत गेला,
उचलून हाताने आत ठेवला,
आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिला,
पाय न हलवता.