अर्धा सूत

मारेगाव फाट्यावर दोनशेसात ढकलत आणली चौघांनी.
मागून पिंपळशेंडे, हातात नुसती चावी,
बैल मेल्यावर वेसण हातात राहावी तशी.
राजूरच्या चुन्यानं गाडी बारा वर्षांत पांढरी झालेली,
मूळ निळा रंग आरशामागं तेवढा शिल्लक.

"बॅटरी बसली," रोहिदास म्हणाला.
पोट्ट्याले सगळ्यात आधी बॅटरीच सुचते.
मी हेडलाइट लावले : भर दुपारी भिंतीवर दोन पिवळे डाग.
हॉर्न दिला, चहावाल्याच्या कोंबड्या उडाल्या.
बॅटरी ठणठणीत.

पेचकसानं सेल्फचे दोन बोल्ट जोडले.
ठिणगी, आणि इंजिन खाकरत उठलं.
म्हणजे सेल्फचाही दोष नाही. बंद केलं.

मग चावी. फिरवली.
टकही नाही.
बारक्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला, रोहिदासला म्हटलं फिरव.
तो फिरवत होता. दिवा अंधारच धरून बसला.
चावीपासून सेल्फपर्यंत कुठंतरी करंट वाट चुकत होता,
आणि त्या वाटेत स्टेरिंगचा अख्खा नळा उभा.

"परवापर्यंत बराबर होती," पिंपळशेंडे म्हणाला.
"चालवत कोण होतं?"
तो गोण्यांकडं पाहत राहिला.
"शालिक."
"मंग बलवा न त्याले."
"गेला थो. गडचांदूरले, शिमेटाच्या कारखान्यात."

तीनशे रुपयांचं काहीतरी होतं, फाट्यावर सगळ्यांना ठाऊक.
फक्त तीनशे कोणाचे निघत होते
यावर दोघांचे दोन हिशेब.

फोन मीच लावला.
तिकडं मशिनीची घरघर, मग शालिक टेकाम :
"मिस्त्री? बंद पडली न?"
खूश नव्हता. थोडासा होता.

"आयका. टेकून नोका बसू.
डाव्या हातानं स्टेरिंग वर उचला,
बोकड उचलता तसं, पोटाखालून.
चावी पुरी आत जाऊ द्या, मंग अर्धा सूत मांगं ओढा.
आता फिरवा. फिरवताना तिकडं पाहू नोका."
"कुठं?"
"चावीकडं."

शेवटचं सोडून मी सगळं केलं.
गाडी सुरू झाली.

उचला म्हणाला, म्हणजे नळ्याखाली वायर दबते.
ओढा म्हणाला, म्हणजे आतली जीभ झिजली.
वर्धेपलीकडून एक माणूस रोग सांगत होता,
त्याला वाटत होतं तो चालवायची रीत सांगतोय.

कव्हर उघडलं. तीन स्क्रू, चौथ्या जागी आगपेटीची काडी.
आत चुना, पालीच्या अंड्याचं टरफल, एक विझलेली बिडी
आणि वायरीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
नीट, दोऱ्यानं बांधलेली, गाठ आतल्या बाजूला.
तांबं हिरवं पडून तिच्यातूनही बाहेर आलेलं.

"हे तू बांधलं होतं?"
"पाच सालं झाली."
"सांगतलं काहून नाही?"
"सांगतलं असतं तं म्हणले असते, चालते न, कायले पैसे घालवता."
फोनचा स्पीकर चालू होता.
पिंपळशेंडेनं चहा मागवला, कोणी मागितला नसताना.

वणीहून नवा स्विच आला संध्याकाळच्या बसनं.
वायर बदलली, नळी चढवली, नळ्यापासून बोटभर लांबून नेली.
रोहिदासनं चालू करून पाहिली. चहावाल्यानं पाहिली.
एका चावीत. कोणाच्याही हातानं.

मग पिंपळशेंडे बसला.
तीनदा चालू केली, तीनदा बंद.
चौथ्यांदा त्याचा डावा हात स्टेरिंगखाली गेला
आणि त्यानं ते उचललं, बोकड उचलावा तसं.
गरज नव्हती.

मी काही बोललो नाही.
जुना स्विच पेपरात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवला,
वर ती ट्यूबची पट्टी, गाठीसकट,
आणि बिल करायला पेन शोधत राहिलो,
पेन कानावरच होता.