चार मिनिटं मागे

महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी
गुलफिया बूट शिवायचं मशीन भिंतीशी सरकवते,
टेबलावर जुनं फ्लॅनेल अंथरते,
आणि आम्ही एकेक जण बाही वर करतो
इंजेक्शन घ्यायला आल्यासारखे.

बाहेर कामा नदी गोठलेली.
चिस्तोपोलमध्ये साडेचारलाच अंधारून येतं.
आत सहा माणसं, नऊ घड्याळं.
झाखार दोन्ही हातांत दोन-दोन घालून येतो
आणि बायकोला सांगतो, मासे धरायला चाललोय.

अगदीच खोटं नाही ते.
मागच्या महिन्यात बर्फाला भोक पाडून
आपलं पाणबुड्याचं घड्याळ गळाच्या दोरीला बांधून
त्यानं खरंच सोडलं होतं नदीत.
अर्ध्या तासानं वर ओढलं, तेव्हा
आम्ही चौघं गुडघ्यांवर, कानटोप्या वर सारून,
एका ओल्या तबकडीला
आळीपाळीनं कान लावत होतो.
चालू होतं.
झाखार तेव्हा जसा हसला
तसा मुलीच्या लग्नातही हसला नव्हता.

रुस्तेम दातांचा डॉक्टर. भिंग तेच,
सकाळी किडकी दाढ, संध्याकाळी दात्यांची चक्रं.
नवखा कुणी घाबरून म्हणतो,
ह्याची किल्ली हलतेय हो.
रुस्तेम म्हणतो, हलू दे,
आमच्या कारखान्याचा दुधाचा दात आहे तो,
हलतो, पडत नाही.

अल्सू पहिल्यांदा आली
तेव्हा हात खिशातून काढेना.
प्लास्टिकचं, आकडेवालं,
बाजारात अंड्यांच्या शेजारी मिळतं ते.
सगळे गप्प.
मग नूरी अब्झी म्हणाला, दिवा लागतो का त्याचा?
लागला. हिरवा.
गुलफियानं उठून खोलीतला दिवा घालवला
आणि ते घड्याळ हातोहात फिरलं.
प्रत्येकाची बोटं, प्रत्येकाची हनुवटी
क्षणभर हिरवी.
मग पुन्हा एकदा फिरलं.

नूरी अब्झीकडे घड्याळ नाही.
एकतीस वर्षं त्यानं
केसाहून बारीक स्प्रिंगा बसवल्या मनगटांसाठी,
निवृत्तीला त्याला दिलं भिंतीवरचं.
हे सांगताना तो दर वेळी तेवढंच हसतो,
आम्हीही.

माझं एकच आहे.
मी सात नंबरची बस चालवतो.
सुटे पैसे नसलेल्या एका उतारूनं
भाड्याऐवजी काढून दिलं होतं, परत आलाच नाही.
सकाळी मिळवलं तरी
रात्रीच्या शेवटच्या फेरीपर्यंत अकरा मिनिटं मागे.
डेपोतून दोन मेमो आलेत.

आज शेवटी ठेवलं फ्लॅनेलवर.
नूरी अब्झीनं पाठ उघडली.
पाच जणांनी श्वास आत धरला,
उगाच फुंकर लागायला नको.
चहाचा पेला धरताना थरथरतात त्याचे हात,
इथे नाही.
भिंगातून डोळा न काढता त्यानं विचारलं,
किती मागे ठेवू?

मी म्हणणार होतो, अजिबात नको.
पण गोदामाच्या थांब्यावरची
रात्रपाळीची नर्स आठवली,
एका बुटाचा बंद सुटलेला, हात हलवत
बर्फातून धावत येणारी.
तीन वर्षं मी तिला सांगतोय,
माझं घड्याळच मागे आहे, सावकाश चढा.

चार मिनिटं, मी म्हटलं.

का, ते त्यानं विचारलं नाही.
सुईच्या टोकानं काहीतरी जरासं सरकवलं,
कानाशी धरलं,
मान हलवली,
थोडं उलटं सरकवलं.

गुलफिया पेले गोळा करत होती.
दुकान लावायचंय, म्हणाली, वाजले किती?

नऊ घड्याळांवरून नजर फिरवून
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.